माहितीची खतावणी : 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' कसा पाहावा

हेरपट पाहताना बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं : कोण कोणाच्या बाजूचा तेच कळत नाही. खोटी नावं, दुहेरी हेर, मध्येच कोणीतरी उलटतो, आणि शेवटी सगळा जीव कुठल्यातरी मायक्रोफिल्ममध्ये, म्हणजे गुप्त कागदांच्या इवल्याशा फोटोंच्या फितीत. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५९ सालच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्येही हे सगळं आहे. नायक न्यूयॉर्कहून निघून शिकागोमार्गे पार साउथ डकोटाच्या डोंगरात जाऊन पोहोचतो, वाटेत त्याला भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस खोटं बोलतो. तरीही १३६ मिनिटांत प्रेक्षक कुठे चुकत नाही. चुकतो तो फक्त नायक.

पटकथाकार अर्नेस्ट लेमन आणि हिचकॉक यांनी हे एका साध्या हिशेबावर जमवलं आहे. कोणाला काय माहीत आहे, आणि कधीपासून. व्यापारी जशी खतावणी ठेवतो, प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पान आणि त्यावर जमा-नावे, तशी ही माहितीची खतावणी आहे. नायकाचं एक पान, खलनायकाचं एक, सरकारी हेरखात्याचं एक, आणि प्रेक्षकाचं एक. दर पंधरा-वीस मिनिटांनी कुठल्यातरी पानावर नोंद पडते आणि सिनेमाचा नूर पालटतो.

पुढे कथानक पूर्ण उघड केलं आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी एकदा नुसता पाहून घ्या. या सिनेमाची खरी चव मात्र दुसऱ्या खेपेला लागते.

कॅप्लन नावाची रिकामी खोली

रॉजर थॉर्नहिल (केरी ग्रँट) हा न्यूयॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवरचा जाहिरातवाला. प्लाझा हॉटेलात बसलेला असताना त्याला आईला तार करायची आठवण होते, म्हणून तो हॉटेलच्या पोऱ्याला हात करतो. पोऱ्या नेमका त्याच क्षणी 'जॉर्ज कॅप्लन' असा पुकारा करत फिरत असतो. दाराशी उभे असलेले दोन गुंड हात वर झालेला पाहतात, आणि थॉर्नहिल कॅप्लन ठरतो. सगळ्या गोंधळाचं मूळ एवढंच.

गुंडांचा मालक फिलिप व्हॅन्डॅम (जेम्स मेसन) त्याला कॅप्लन म्हणून दरडावतो. थॉर्नहिल नाही म्हणतो. आता यातली गोम पाहा : मुरलेला हेर पकडला गेला तर काय म्हणेल? 'मी तो नव्हेच' असंच. त्यामुळे थॉर्नहिल जितक्या कळकळीने नाकारतो तितकी व्हॅन्डॅमची खात्री पटत जाते. खिशातलं ओळखपत्र दाखवावं, तर हेराकडे खोटी कागदपत्रं असणारच. खरं बोलून सुटका नाही अशी ही कोंडी आहे. ती पहिल्या वीस मिनिटांत पक्की बसवल्यामुळे पुढचा सगळा पळापळीचा खेळ पटतो.

मग थॉर्नहिल आईला घेऊन प्लाझामध्ये कॅप्लनच्या ७९६ क्रमांकाच्या खोलीत शिरतो. इथे थोडं थांबून बारकाईने पाहण्यासारखं आहे. कपाटात सूट आहेत, पण मापाला आखूड. कंगवा आहे, त्यात कोंडा आहे. खोली साफ करणारी बाई त्याला 'मिस्टर कॅप्लन' म्हणते, कपडे आणून देणारा माणूसही म्हणतो. खोदून विचारल्यावर कळतं की दोघांनीही आजवर कॅप्लनला पाहिलेलंच नाही. हा माणूस ७९६ मध्ये उभा आहे, म्हणजे तोच कॅप्लन. हॉटेलचं रजिस्टर, धुलाईचे कपडे आणि खोलीची किल्ली एवढ्यावर एक माणूस उभा राहतो, शरीर लागत नाही.

हे फार काल्पनिक वाटत असेल तर दुसऱ्या महायुद्धातला एक खरा प्रकार सांगायला हवा. 'गार्बो' या टोपणनावाने ब्रिटिशांसाठी काम करणारा स्पॅनिश दुहेरी हेर हुआन पुजोल गार्सिया याने जर्मनांना २७ दुय्यम हेरांचं जाळं असल्याचं पटवलं होतं. त्या २७ पैकी एकही अस्तित्वात नव्हता. त्यांचे पगार आणि खर्च जर्मनी भरत होती. लिव्हरपूलच्या एका काल्पनिक हेराला तर 'मारून' वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी छापून आणली, आणि त्याच्या काल्पनिक विधवेला जर्मनांकडून निवृत्तिवेतनही मिळवलं. नसलेला हेर हे हेरखात्यांच्या पेटीतलं जुनं, कामाचं हत्यार आहे. हिचकॉकला ही कल्पना ओटिस गर्न्सी या पत्रकाराने सुचवली होती : असा नसलेला हेर, आणि त्याची ओळख चुकून एका भलत्याच माणसाला चिकटते.

रहस्य चाळीसाव्या मिनिटालाच का फोडलं?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत थॉर्नहिलच्या समोर एका माणसाच्या पाठीत सुरा घुसतो. गोंधळून तो सुरा उपसतो आणि नेमका तेव्हाच फोटो निघतो. आता पोलीसही मागे. इथून कथा थेट वॉशिंग्टनमधल्या एका बैठकीत जाते. 'प्रोफेसर' म्हणून ओळखला जाणारा अधिकारी (लिओ जी. कॅरल) आणि त्याचे सहकारी टेबलाभोवती बसून आपल्याला सगळं सांगून टाकतात. कॅप्लन नावाचा कोणीच नाही. व्हॅन्डॅमच्या अगदी नाकाखाली आपला खरा हेर काम करतो आहे, त्याच्यावरचा संशय दुसरीकडे वळवायला हे भूत उभं केलं. थॉर्नहिल मध्ये सापडला, पण त्याला वाचवायला गेलो तर खरा हेर उघडा पडेल. म्हणून काहीही करायचं नाही.

साधारण चाळीसावं मिनिट. अजून दीड तासाहून जास्त सिनेमा शिल्लक. दुसऱ्या कोणी हे गुपित शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवलं असतं.

हे आपल्या ओळखीच्या ठिकाणी नेऊन पाहू. आडगावच्या फाट्यावर संध्याकाळी एक माणूस शेवटच्या एसटीची वाट पाहत उभा आहे. एसटी आलीच नाही, इतकंच दाखवलं तर आपल्याला शेवटी क्षणभर वाईट वाटेल. पण सुरुवातीलाच, त्याच्या नकळत, आपल्याला डेपोतला फळा दाखवला आणि त्यावर ती फेरी रद्द असं लिहिलेलं असलं, तर? मग त्याने घड्याळ पाहिलं की आपल्या पोटात कालवतं, लांबून दिवे दिसले आणि तो पुढे झाला की आपल्याला ओरडून सांगावंसं वाटतं. तोच माणूस, तोच फाटा, तेवढीच मिनिटं. बदललं ते फक्त प्रेक्षकाच्या पानावरचं. पहिल्या प्रकाराला धक्का म्हणतात, तो क्षणात संपतो. दुसऱ्याला उत्कंठा म्हणतात, ती हवी तेवढी ताणता येते. हिचकॉकने वॉशिंग्टनच्या बैठकीत एक धक्का खर्ची घातला आणि त्याच्या बदल्यात दीड तासाची उत्कंठा जमा केली.

त्या बैठकीत आणखी एक काम गुपचूप उरकलं आहे. 'आमचा खरा हेर' हे शब्द आपण ऐकतो, पण तो कोण, ते सांगत नाहीत. लगेच पुढे, 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' या शिकागोच्या गाडीत, थॉर्नहिलला ईव्ह केंडल (ईव्हा मरी सेंट) भेटते, त्याला वरच्या बर्थमध्ये लपवते, आणि मग डब्यातल्या नोकराच्या हाती एक चिठ्ठी पाठवते. चिठ्ठी पोहोचते व्हॅन्डॅमकडे : सकाळी याचं काय करू? झालं, ईव्ह शत्रूची. प्रेक्षकाच्या पानावर ही नोंद इतकी ठळक पडते की आधीची नोंद, व्हॅन्डॅमच्या नाकाखालचा तो हेर, आपण विसरतो. दोन्ही तुकडे आपल्याच हातात असतात आणि आपण ते जोडत नाही. पुढे जेव्हा कळतं की ईव्ह हीच ती हेर, तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही, आपलंच लक्ष नव्हतं असं वाटतं. चांगल्या हेरकथेची ही कसोटीच म्हणायची.

मक्याच्या शेताशेजारची साडेनऊ मिनिटं

आता या सिनेमाचा सगळ्यांत गाजलेला प्रसंग. ईव्हने थॉर्नहिलला निरोप दिला आहे की कॅप्लन दुपारी साडेतीनला ४१ क्रमांकाच्या हमरस्त्यावर 'प्रेअरी स्टॉप' इथे भेटेल, बसने एकट्याने जा. थॉर्नहिलच्या पानावर नोंद : कॅप्लन येणार, सगळा उलगडा होणार. आपल्या पानावर : कॅप्लन नाहीच, आणि पाठवणारी बाई शत्रूची. एसटीच्या फाट्यावरचा माणूस तो हाच.

प्रसंगाचा पहिलाच शॉट खूप उंचावरून घेतलेला आहे आणि जवळजवळ मिनिटभर कॅमेरा हलत नाही. सपाट, वाळलेली जमीन, तिला चिरत गेलेला रस्ता, मुंगीएवढी बस येते, एक ठिपका उतरतो, बस जाते. हा शॉट म्हणजे नकाशा आहे. रस्ता कुठून कुठे जातो, लपायला झाड नाही, घर नाही, ते आधीच समजावून दिलं. पुढे धावपळ सुरू झाल्यावर 'तो आता कुठे आहे' हा प्रश्न पडला असता तर भीती तिथेच विरघळली असती.

एवढा लांबचा शॉट स्वच्छ दिसण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. हा सिनेमा व्हिस्टाव्हिजन पद्धतीने चित्रित केला. नेहमीच्या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फिल्म उभी सरकते आणि एका चित्राला तिच्या कडेच्या चार छिद्रांएवढी जागा मिळते. व्हिस्टाव्हिजनमध्ये तीच फिल्म आडवी सरकते आणि एका चित्राला आठ छिद्रांची जागा मिळते. निगेटिव्ह मोठी, म्हणून दाणा बारीक, आणि म्हणून छायालेखक रॉबर्ट बर्क्सला नायक ठिपक्याएवढा ठेवणं परवडलं.

मग सुरू होतं वाट पाहणं. बघणारा माणूस, त्याला दिसलेलं, पुन्हा बघणारा माणूस, अशी तीन शॉटांची वेणी घातलेली आहे. डावीकडे पाहतो : रिकामा रस्ता. पुन्हा तो. उजवीकडे : रिकामा रस्ता. पुन्हा तो. एक गाडी लांबून येते, जवळ येते, निघून जाते. दुसरी येते, जाते. मग ट्रक जातो आणि त्याच्या अंगावर धूळ उडवतो. दर वेळी त्याची आशा थोडी वर जाऊन खाली बसते, आणि आपल्याला प्रत्येक गाडीत मारेकरी दिसतो. प्रत्यक्षात घडत काहीच नाही. पार्श्वसंगीत नाही, संवाद नाही.

पुढे शेतातल्या कच्च्या रस्त्याने एक मोटार येते, तपकिरी कपड्यातल्या एका माणसाला रस्त्याच्या पलीकडे उतरवून परत जाते. दोघं समोरासमोर, मध्ये डांबर. थॉर्नहिल हळूच ओलांडून जातो. हाच कॅप्लन का? नाही, हा बससाठी थांबलेला. पण जाता जाता तो सहज म्हणतो की ते विमान फवारणी करतंय खरं, पण तिथे पीकच नाही. कीटकनाशकाची भुकटी उडवणारं विमान, जे काम आपल्याकडे शेतकरी पाठीवर पंप घेऊन करतो, ते एवढा वेळ मागे बारीक घरघरत होतं. आपण दोन-तीनदा पाहिलंही होतं, लक्ष दिलं नव्हतं. या वाक्यासरशी ती घरघर पुढे येते. बस येते, माणूस चढतो, बस जाते, आणि विमान वळतं.

इथून पुढे बहुतेक दिग्दर्शक शॉट भराभर लहान करत गेले असते. हिचकॉकने तसं केलं नाही, शॉट बऱ्याच अंशी सारख्याच लांबीचे राहतात. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रसिद्ध मुलाखतीत त्याने याचं कारण दिलं आहे : हा प्रसंग वेळेचा नाही, जागेचा आहे. आसऱ्यापर्यंत किती पळावं लागेल, आणि मुळात आसराच नाही, हे अंतर शॉटच्या लांबीने मोजून दाखवायचं होतं. घड्याळ लावून पाहिलंत तर पटेल. थॉर्नहिल खळग्यात आडवा पडतो, विमान वरून जातं, तो उठतो, पुन्हा धावतो, आणि तेवढं अंतर आपणही त्याच्याबरोबर पार करतो.

शेवटी तो मक्यात शिरतो. वाटतं, सुटला. विमान एक फेरी मारून जातं आणि दुसऱ्या फेरीत भुकटी सोडतं. विमानाचं जे रोजचं काम आहे तेच हत्यार झालं. हिचकॉकचा हा आवडता नियम होता : जागेचं आणि वस्तूचं जे स्वाभाविक काम, त्यातूनच संकट काढायचं. खोकत, डोळे चोळत थॉर्नहिल बाहेर येतो, तेलाच्या टँकरसमोर हात पसरून उभा राहतो, टँकर कसाबसा थांबतो, विमान टँकरवर आदळतं. आणि पहिल्यांदाच, त्या आदळण्याबरोबर, बर्नार्ड हर्मनचं संगीत सुरू होतं. तोवरची सगळी भीती नुसत्या वाऱ्याच्या, गाड्यांच्या आणि इंजिनाच्या आवाजावर पेललेली आहे. हे संगीत सुरुवातीपासून वाजलं असतं तर काय झालं असतं? घाबरायचं कधी ते संगीतानेच सांगून टाकलं असतं, आणि रिकाम्या रस्त्यावर आपणहून मारेकरी शोधायचं काम आपल्याकडून काढून घेतलं असतं. या प्रसंगाच्या नकला पुढे पुष्कळ झाल्या. त्या बहुधा इथेच फसतात : स्फोट मोठा करतात आणि आधीची पाच मिनिटं कापतात.

हा भाग कथेत इंडियानात घडतो, पण चित्रीकरण कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डच्या उत्तरेला झालं. विमान अगदी पाठीवर आलेलं असताना ग्रँट कॅमेऱ्यासमोर जमिनीवर झेप घेतो, तो शॉट मात्र स्टुडिओतला आहे. मागच्या पडद्यावर विमानाचं चित्रण चालू आणि पुढे ग्रँट. प्रकाशातला फरक एकदा दिसला की दर वेळी दिसतो, पण पहिल्यांदा पाहताना तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

हिशेबी माणूस विचारेल : एका माणसाला मारायला विमान कशाला? गाडीतून जाता जाता गोळी घातली असती तर काम झालं असतं. बरोबर आहे, आणि त्याला उत्तर नाही. हिचकॉकला नेहमीचा देखावा टाळायचा होता : रात्र, ओला रस्ता, दिव्याखाली उभा असलेला माणूस, कोपऱ्यावरून हळू येणारी काळी गाडी. म्हणून त्याने सगळं उलटं केलं : टळटळीत दुपार, मोकळं रान, कोपराच नाही. तर्क दुबळा आहे, पण चूक लक्षात येते ती सिनेमा संपून चहा घेताना. तोवर पैसे वसूल झालेले असतात.

न सांगितलेलं, आणि खोटं सांगितलेलं

शिकागोच्या विमानतळावर प्रोफेसर अखेर थॉर्नहिलला गाठतो. व्हॅन्डॅम करतो तरी काय, या प्रश्नाला त्याचं उत्तर साधारण असं, की आयात-निर्यातवाला समजा, सरकारी गुपितांचा. बस्स. मायक्रोफिल्ममध्ये काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही, शत्रुराष्ट्राचं नावही घेतलेलं नाही. ज्या वस्तूसाठी सगळे धावतात पण जी प्रेक्षकाच्या लेखी रिकामी असली तरी चालते, तिला हिचकॉक 'मॅगफिन' म्हणायचा, आणि आपला सर्वांत उत्तम मॅगफिन हाच असं तो सांगत असे, कारण यात शून्याखेरीज काहीच उरलेलं नाही. मग प्रोफेसर कॅप्लनची हकीकत सांगू लागतो आणि शेजारच्या विमानाचे पंखे सुरू होतात. ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. का ऐकवायचं? आपल्याला ते चाळीसाव्या मिनिटापासून माहीत आहे. थॉर्नहिलच्या पानावर जुनी बाकी चढवायची आहे एवढंच. आवाज परत येतो तो नवी नोंद पडण्याच्या वेळी : ईव्ह आपली आहे, आणि तुझ्या वागण्याने ती आता संकटात आहे.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या साउथ डकोटातल्या माउंट रशमोर डोंगराच्या उपाहारगृहात मात्र सिनेमा आपल्यालाच फसवतो. ईव्ह पिस्तूल काढून थॉर्नहिलवर दोन गोळ्या झाडते, तो कोसळतो. पुढे रानात तो मोटारीतून ठणठणीत उतरतो तेव्हा कळतं की पिस्तुलात पोकळ काडतुसं होती. एवढा वेळ आपण थॉर्नहिलच्या बरोबरीने किंवा पुढे होतो, इथे एकदम मागे पडलो. हा धक्का एकदाच वापरला आहे म्हणून चालतो. याच प्रसंगात सिनेमातली सर्वांत प्रसिद्ध चूक आहे : मागच्या टेबलावरचा एक मुलगा गोळी सुटण्याच्या आधीच कानांत बोटं घालतो. तालमीत आवाज ऐकून बिचारा शहाणा झाला होता. संकलक जॉर्ज टोमासिनीच्या हातून तो शॉट तसाच राहिला. म्हणजे आपल्या आधी त्या पोराला माहीत होतं!

त्या पोकळ काडतुसांच्या पिस्तुलाचा प्रवास सलग पाहण्यासारखा आहे. व्हॅन्डॅमचा उजवा हात लिओनार्ड (मार्टिन लँडाऊ) ते शोधून काढतो आणि पटवून द्यायला थेट मालकावरच झाडतो. व्हॅन्डॅम आधी दचकतो, मग लिओनार्डला ठोसा मारतो, मग त्याला उमगतं. त्या वेळी कॅमेरा हळूहळू दोघांच्या डोक्यावर चढत जातो, आणि व्हॅन्डॅम शांतपणे म्हणतो की हे प्रकरण खूप उंचावरून, पाण्यावर असताना मिटवलेलं बरं. विमानातून ढकलून द्यायचं. उंची बोलण्यात येण्याआधी चित्रात येते. बाहेर लटकून ऐकणारा थॉर्नहिल आता ईव्हपेक्षा एक नोंद पुढे आहे, आणि त्याच्याकडे साधन काय, तर आपली आद्याक्षरं छापलेली आगपेटी. आत चार शब्द खरडून तो ती खाली टाकतो. लिओनार्डला ती दिसते. तो उचलतो, पाहतो, आणि टेबलावरच्या रक्षापात्रात ठेवून देतो. हा एक शॉट पुन्हा पुन्हा पाहावा. आगगाडीत याच आगपेटीवरून ईव्ह आणि थॉर्नहिल यांचं बोलणं झालं होतं, आर. ओ. टी., आणि मधला 'ओ' कशासाठी तर कशासाठीच नाही. त्यामुळे ती कोणाची हे खोलीत फक्त ईव्हला कळतं. तासाभराहून आधीच्या थट्टेतून आता जीव वाचतो. मग तेच पिस्तूल घेऊन व्हॅन्डॅमची घरकामाची बाई थॉर्नहिलला रोखून धरते, आणि ते तेच आहे हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो. एकच वस्तू, तीनदा, दर वेळी वेगळा माणूस अंधारात.

खरी जागा आणि रंगवलेली जागा

संयुक्त राष्ट्रसंघाने चित्रीकरणाला परवानगी नाकारली. ग्रँट पायऱ्या चढून आत जातो तो शॉट मोटारीत लपवलेल्या कॅमेऱ्याने घेतला, आतलं दालन स्टुडिओत उभारलं. खून झाल्यावर थेट गच्चीवरून खाली पाहिल्यासारखा जो शॉट येतो, टाचणीच्या डोक्याएवढा थॉर्नहिल टॅक्सीकडे धावतो, तो रंगवलेलं चित्र आणि चित्रण यांची जोडणी आहे, म्हणजे मॅट पेंटिंग. माउंट रशमोरच्या चेहऱ्यांवर मारामारी दाखवायला राष्ट्रीय उद्यान खात्याने हरकत घेतली, म्हणून पाठलाग एमजीएमच्या स्टुडिओत बांधलेल्या दगडांवर झाला. डोंगराच्या कड्यावरचं व्हॅन्डॅमचं घर तर कधी नव्हतंच. स्थापत्यकार फ्रँक लॉइड राइटच्या शैलीवर बेतलेल्या त्या घराचे काही भाग कला दिग्दर्शक रॉबर्ट बॉइलने स्टुडिओत बांधले, बाकीचं रंगवलं. घर कड्याबाहेर झुकलेलं का? थॉर्नहिलला खालच्या तुळयांवरून चढून आतलं पाहता-ऐकता यावं म्हणून. घराची रचना आधी पटकथेने ठरवली, मग आराखड्याने.

सगळंच जमलंय असं नाही. दारू पाजून कड्यावरून गाडी सोडण्याच्या प्रसंगातलं मागचं सरकतं चित्र आज उघड दिसतं. संयुक्त राष्ट्रसंघातल्या गर्दीत सुरा फेकणारा कोणालाच कसा दिसत नाही, हे विचारू नये. ईव्हच्या वाट्याला आलेलं तर त्याहून बोचणारं आहे : प्रोफेसर तिला शत्रूच्या बिछान्यापर्यंत धाडतो, वर थॉर्नहिल त्याच गोष्टीवरून तिला लागट बोलतो. पुढे तो प्रोफेसरला सुनावतो की असल्या मुलींना वापरल्याशिवाय जिंकता येत नसेल तर शीतयुद्धं हरायला शिका. सिनेमा हसतखेळत चालला आहे असं वाटत असताना हे वाक्य टोचून जातं. आणि एक गंमत : आईचं काम करणारी जेसी रॉइस लँडिस ग्रँटपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी होती.

घरी पाहताना तीन गोष्टी सांभाळा. टीव्हीवरची हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर विमान व्हिडिओ गेममधलं वाटतं. कडा कापून चौकोनी केलेली जुनी आवृत्ती टाळा, शेताचा पहिला शॉट तिच्यात मरतो. आणि 'पाल' या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर लांबी १३० मिनिटांच्या आसपास दिसली तर सिनेमा कापलाय असं समजू नका. सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं फिरतात म्हणून तो चार टक्के वेगाने धावतो, आवाजही किंचित चढ्या पट्टीत येतो. सुरुवातीची अक्षरं चुकवू नका : सॉल बासने आखलेल्या हिरव्यावरच्या तिरक्या रेघांतून काचेची इमारत उमटते, हर्मनचा फॅन्डँगो, म्हणजे स्पॅनिश नाचाची धून, तालात घोटाळत राहतो, आणि शेवटी एका बसचं दार ज्या जाड्या गृहस्थाच्या तोंडावर बंद होतं तो स्वतः हिचकॉक.

दुसऱ्या खेपेला शेताचा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा आणि कागदावर रस्ता, मका, खळगा यांचा नकाशा काढा. तो जमतो. मग चित्राकडे पाठ करून फक्त ऐका, विमानाची घरघर नेमकी कधीपासून आहे ते तेव्हा कळेल.

शेवटच्या कटची, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर घेतलेल्या उडीची, गोष्ट राहिली. ईव्ह कड्यावरून लोंबकळते आहे, थॉर्नहिलने एका हाताने तिला धरलंय, दुसऱ्या हातावर लिओनार्डचा बूट. गोळी सुटते, लिओनार्ड कोसळतो, मायक्रोफिल्म दडवलेली पुतळी फुटते, आतली फिल्म दिसते. थॉर्नहिल ईव्हला वर ओढतो आहे, ओढतो आहे, आणि ओढून घेतो ते थेट आगगाडीच्या वरच्या बर्थवर, बायको म्हणून. मधलं सगळं, कोणी वाचवलं, व्हॅन्डॅमचा जबाब, लग्न, सोडून दिलं. कोणाच्याच पानावर आता बाकी नव्हती. गाडी बोगद्यात शिरते आणि पडद्यावर अक्षरं येतात.